सॅमन माशांचा ओढा आणि आमची उपकारस्तुती

आमची मराठी ख्रिस्ती मंडळी अमेरिकेतल्या बॉथेल गावात दर रविवारी दुपारी जमते. एका अमेरिकन चर्चचा तळघरातला हॉल त्या वेळी रिकामा असतो, तो आम्हाला वापरायला मिळतो. नगर, जालना, सोलापूर, पुणे अशा ठिकाणांहून आलेली मोजकीच कुटुंबं आहोत आम्ही. गाणी मराठीत होतात, प्रार्थना मराठीत होते, आणि शेवटचं आमेन म्हणून झालं की मुलं लगेच इंग्लिशमध्ये भांडायला लागतात. मी आठवडाभर एका बायोटेक कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. रविवारची ती दुपार मला माझ्या माणसांत नेते.

दर वर्षी पानगळीच्या दिवसांत आम्ही उपकारस्तुतीचा, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा सण करतो. नगरकडे आमच्या लहानपणी या सणाला लोक बाजरीची कणसं, भोपळे, जिवंत कोंबड्या असं काय काय देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आणून ठेवायचे. इथे आम्ही दुकानातली सफरचंदं आणि मका मांडतो. त्या वर्षी मंडळीतल्या काकांनी, म्हणजे उपासनेची सगळी व्यवस्था पाहणाऱ्या निवृत्त इंजिनीअर काकांनी, मला संदेश द्यायला, म्हणजे प्रवचन करायला सांगितलं.

"विषय सृष्टी घे," ते म्हणाले. "देवाने केलेलं सगळं किती चांगलं आहे, ते सांग. लोकांना जरा बरं वाटेल असं."

मला विषय आवडला. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. सुट्टीच्या दिवशी ते आम्हा भावंडांना गावामागच्या डोंगरावर न्यायचे आणि सुगरणीचं घरटं, मुंग्यांचं वारूळ असं काहीबाही दाखवायचे. प्रार्थना पाठ असण्यापेक्षा डोळे उघडे असणं देवाला जास्त आवडतं, असं त्यांचं मत होतं. माझा विश्वास मला त्या डोंगरावरूनच मिळालाय, असं मी नेहमी सांगत आले. तेव्हा बोलायला काही अवघड नव्हतं. घरापासून जवळ एक ओढा आहे, पहिला मोठा पाऊस झाला की समुद्रातून सॅमन मासे तिथे अंडी घालायला येतात. उदाहरण म्हणून तेच घ्यायचं मी ठरवलं. जिथे जन्म झाला तिथेच परत येणारा तो मासा, त्याला वाट दाखवणारा देव. माझं भाषण मनात जवळजवळ तयार झालं होतं.

मग मला वाटलं, मावशींना घेऊन जावं.

मावशी आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत मोठ्या. नगरच्या मिशन हॉस्पिटलात त्या बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होत्या, पुढे इकडे आल्यावरही त्यांनी तेच काम केलं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा जवळच राहायचा. त्याला डोंगर चढायचं वेड होतं. त्या उन्हाळ्यात तो मित्रांबरोबर ट्रेकला गेला आणि वाटेतच त्याचं हृदय बंद पडलं. आधी काही त्रास नाही, काही नाही. चाळिशीही झाली नव्हती.

अंत्यविधीला आमच्यातलं कुणीतरी मावशींचा हात धरून म्हणालं, "देवाच्या सुंदर सृष्टीतच गेला तो. किती छान जागी गेला." म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. मावशींनी हात सोडवून घेतला. त्यानंतर त्या उपासनेला आल्या नाहीत. फोन केला तर उचलायच्या, नीट बोलायच्या, पण प्रार्थना करू या म्हटलं की म्हणायच्या, "तू कर. मी ऐकते."

मी त्यांना ओढ्यावर चला म्हटलं तेव्हा त्या तयार झाल्या, याचंच मला नवल वाटलं. शनिवारी सकाळी मी त्यांना गाडीतून घेऊन गेले. आदल्या दिवशी खूप पाऊस झाला होता. रस्ता अजून ओला होता, आणि ओढा गढूळ होऊन जोरात वाहत होता. लाकडी पुलावर उभं राहून आम्ही खाली पाहू लागलो.

"तो बघा," मी म्हटलं.

मासा मोठा होता, हातभर लांब, अंगावर तांबूस झाक. पण तो प्रवाहाच्या वर जात नव्हता. एका जागी गोल गोल फिरत होता. मधेच कुशीवर कलंडायचा, पुन्हा सरळ व्हायची धडपड करायचा. तोंड पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होता. मला आधी वाटलं, असंच असतं की काय. मग थोड्या अंतरावर आणखी एक दिसला, तसाच. काठाच्या दगडांत एक अडकला होता, तो हलत नव्हता.

पुलाच्या बाजूची पायवाट उतरून मावशी थेट काठाशी गेल्या, आणि मी थांबवायच्या आत सँडलसकट पाण्यात उतरल्या. कलंडलेल्या माशाला त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, सरळ केलं आणि त्याचं तोंड प्रवाहाच्या दिशेला धरून वाकून उभ्या राहिल्या. पाणी बर्फासारखं गार असणार. त्यांचे हात मात्र अगदी स्थिर होते. श्वास न घेणारं मूल त्यांनी कितीदा असं हातात धरलं असेल, ते माझ्या मनात आलं.

"मावशी, वर या, प्लीज."

"थांब जरा. श्वास घेतोय."

नारिंगी जाकीट घातलेली एक गोरी बाई काठाने आली. निवृत्त शिक्षिका होती, दर वर्षी इथे मासे मोजायला येणाऱ्या स्वयंसेवकांपैकी. जिवंत माशांना हात लावायची परवानगी नाही, असं तिने हळू आवाजात सांगितलं. मावशींनी मान हलवली, पण हात काढले नाहीत. ती बाई मग शेजारी येऊन उभी राहिली. थोड्या वेळाने मासा सैल पडला. मावशींनी तो काठावर आणून ठेवला.

"याला झालंय काय?" त्यांनी विचारलं.

त्या बाईने सांगितलं ते असं. गाड्यांचे टायर रस्त्यावर झिजतात, त्यांची बारीक पूड रस्त्यावर साठते. पाऊस पडला की ती धुऊन ओढ्यात येते. टायर लवकर खराब होऊ नयेत म्हणून त्यात जे रसायन घालतात, त्याच्यापासून तयार होणारा एक पदार्थ या जातीच्या सॅमनला विषासारखा आहे. समुद्रातून इतक्या लांब येतात, आणि अंडी घालायच्या आधीच काही तासांत मरतात.

मेलेल्या माशांचं पोट उघडून अंडी घातली होती की नाही, याची नोंद स्वयंसेवकांना करायची असते. ती म्हणाली, तुम्हाला बघवणार नसेल तर तिकडे वळा. मावशी वळल्या नाहीत. तिने पोट उघडलं. आत अंडी गच्च भरलेली होती. केशरी, चमकदार, एकही गेलेलं नाही.

मी रसायनांतच काम करते. ती सांगत होती त्यातलं काहीच मला समजायला अवघड नव्हतं. मला दिसत होती ती वर रस्त्याकडेला उभी केलेली माझी गाडी.

परत येताना मावशी हीटरसमोर हात धरून बसल्या होत्या. सँडल पायाखाली ठिबकत होत्या. त्या म्हणाल्या, "मला हे दाखवायला आणलंस?"

"नाही हो. मला माहीत नव्हतं. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"सगळ्यांना तेच वाटतं."

मला काहीतरी बोलणं भाग होतं, निदान मला तसं वाटलं. मी म्हटलं, "पवित्र शास्त्रात लिहिलंय ना, सगळी सृष्टी कण्हते आहे म्हणून. बाळंतपणाच्या कळा सोसल्यासारखी."

मावशी खिडकीबाहेर पाहत होत्या. "बाळंतपणाच्या कळा आणि मरणाच्या कळा, दोन्ही मी आयुष्यभर ऐकल्या," त्या म्हणाल्या. "बाहेरून सारख्याच वाटतात. पण एकीच्या शेवटी हातात काहीतरी येतं. आज आलं का?"

मी गाडी चालवत राहिले. त्यांना घरी सोडलं, आत जाऊन चहा करून दिला. मी निघताना त्या म्हणाल्या, "तुझ्यावर रागावले नाहीये मी." तरी मला दिवसभर काही सुचलं नाही. संध्याकाळी मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती दुसऱ्या राज्यात कॉलेजात आहे. ती म्हणाली, "आई, एव्हरीबडी नोज अबाउट द टायर थिंग." मग जरा थांबून, "आर यू ओके?"

ओके नव्हते. माझ्या वडिलांच्या डोंगरावर असं काही नव्हतं, असं मला वाटायचं. आता आठवून पाहिलं तर होतं की. दुष्काळात पाण्याच्या शोधात आलेलं आणि चिखलात रुतून मेलेलं हरीण आम्ही पाहिलं होतं. वडिलांनी आम्हाला दुसऱ्या वाटेने नेलं होतं. ओढ्यावर ते काय म्हणाले असते, हे मला विचारावंसं वाटलं, पण तेही आता नाहीत. बायबलच्या पहिल्या अध्यायात देव आपण केलेलं सगळं पाहतो आणि ते चांगलं आहे म्हणतो. मी ती ओळ हजार वेळा वाचली असेल. आता तिथे आले की मला ती केशरी अंडी दिसत. देवाने पाहिलं तेव्हा चांगलंच होतं, बिघडवलं आम्ही, हे उत्तर मला पाठ होतं आणि ते खरंही आहे. पण मावशींच्या मुलाचं हृदय कुणी बिघडवलं? त्या प्रश्नाजवळ आले की माझं उत्तर संपायचं.

उपकारस्तुतीच्या दिवशी हॉल सजवला होता. मक्याची कणसं, भोपळे, कुणीतरी मुद्दाम शोधून आणलेली बाजरी. मावशी आल्या नव्हत्या. मी उभी राहिले आणि मनात तयार केलेलं भाषण मला सांगता येईना. मग जे पाहिलं तेच सांगितलं. मासा, टायर, अंडी. मावशींचं नाव घेतलं नाही, मुलाचं काही बोलले नाही. शेवटी एवढंच म्हटलं की देवाने आपल्याला त्याच्या बागेची राखण करायला ठेवलं, आणि आपण राखण कशी केली हे मी पाहून आले आहे. मला उपकार मानायचे आहेत, पण या वर्षी माझ्या घशातून ते सरळ बाहेर येत नाहीत.

पेटीवर बसलेल्या मुलीने गाणं सुरू करायला जरा वेळ लावला.

जेवताना काका माझ्याशेजारी येऊन बसले. "ताई, आजचा दिवस आनंदाचा होता," ते म्हणाले. "लोक आठवडाभर दमून येतात. ऑफिसात ले-ऑफची भीती, व्हिसाची काळजी. त्यांना इथेही हेच ऐकवायचं?"

"मला दुसरं काही सांगता आलं नसतं, काका."

"मग मला फोन करायचा. मी बोललो असतो." ते रागाने म्हणत नव्हते. खरंच दुखावले होते, आणि त्यांचं म्हणणं मला पुरतं खोडता येत नव्हतं. त्यानंतर त्यांनी मला संदेशाला बोलावलेलं नाही. भेटतात, नमस्कार करतात, बोलणं हवापाण्याचं होतं.

त्याच आठवड्यात मावशींचा फोन आला. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

"शनिवारी सकाळी येशील का?" त्या म्हणाल्या. "मला डोळ्यांनी बारीक अक्षर वाचवत नाही. बायबलातलं ईयोबाचं पुस्तक वाचून दाखव. पण मधे समजावून सांगायचं नाही."

तेव्हापासून मी जाऊ लागले. त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतात, मी वाचते. ज्याची सगळी मुलं एका दिवसात गेली तो माणूस राखेत बसून देवाला जाब विचारतो, आणि त्याचे मित्र त्याला शहाणपण शिकवतात. मित्र बोलू लागले की मावशी म्हणायच्या, "हे सगळे आपल्या मंडळीतलेच वाटतात." एकदा आम्ही दोघी हसलोही. पण शेवटाकडे देव वादळातून बोलतो आणि त्या माणसाला समुद्र, तारे, रानातली हरणं, घोडा, गरुड दाखवतो, तिथे मावशींनी मला थांबवलं.

"मुलांबद्दल काही बोलला का?"

मी पान पुन्हा चाळून पाहिलं. "नाही."

"एक शब्दही?"

"नाही."

"आणि पुढे त्याला दुसरी मुलं होतात, हे मला माहीत आहे. वॉर्डातही लोक असंच म्हणायचे, होईल गं दुसरं. दुसरं होतं. पहिलं जिथे होतं तिथे कुणी येत नाही." त्यांनी टेबलावरचा कप उगाच सरकवला. "तरी तो त्याच्याशी बोलला, एवढं खरं. इतक्या वेळाने का होईना, आला आणि बोलला."

त्या दिवशी निघताना मी नेहमीसारखं विचारलं, प्रार्थना करू का. त्या म्हणाल्या, "आज मी करते." डोळे मिटले नाहीत त्यांनी. खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या देवदारावरून पाणी गळत होतं, तिकडे पाहत त्या बोलल्या.

"देवा, तू केलंस हे सगळं. तू बघतोस म्हणतात. मग नीट बघ."

त्या आमेन म्हणतील म्हणून मी थांबले. मग मीच आमेन म्हटलं.