ओव्हनमधली खुंटी

मी परदेशी निघाले त्या दिवशी आमच्या गोरेगावच्या स्टँडवर हिंगोलीची जीप भरली होती. शेजारणी जपून जा, पोचल्यावर फोन कर म्हणत होत्या, आणि माझी माय खिडकीची दांडी धरून भलतंच विचारत होती, "तिथं चूल कशी राहती गं?"

"ओव्हन असतो माय. आकडा दाबला की तेवढीच आच."

"आन् आच बराबर हाय हे कळतं कसं?"

तेवढ्यात जीप हलली.

तुम्ही जे गावात राहिलात आणि माझ्यासारखे जे निघालात, त्या सगळ्यांना सांगते, तो प्रश्न मी पार विसरून गेले होते. बाबा गेल्यावर गेल्या वर्षी मी मायला इकडे कॅनडात, कॅलगरीला आणलं. तिनं इथेच राहावं असा माझा हट्ट, आणि तिची नजर सदा कॅलेंडरवर. गावी पहाटेपासून चुलीपाशी असणारी बाई इथे स्वयंपाकघराच्या दारात पाहुण्यासारखी उभी राहायची. मला ते बघवत नसे.

दसरा झाला आणि एका सकाळी ती आपणहून म्हणाली, "रविवारी रोडगे करू का? बोलव तुझी माणसं." कणकेचे ते जाड गोळे आपल्याकडे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात. इथे गोवऱ्या कुठल्या, म्हणून ओव्हनमध्ये करायचं ठरलं. मी इतकी हरखले की लगेच तीन घरांना जेवायला बोलावून बसले.

आदल्या दिवशी एक घाणा करून पाहिला. पडद्यावर आकडा दोनशेचा, आणि रोडगे वरून पांढरेफटक, आत कच्ची कणीक. पुन्हा लावले, पुन्हा तेच. मायनं हात पदराला पुसले. "माह्या हातचं इथं जमून न्हाई राहिलं बाई. दिवाळीच्या आत मला गावी धाडून दे."

माझा नवरा, संदीप, इंजिनिअर आहे. त्यानं वीज बंद करून मागचा पत्रा काढला, आच मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरी मीटरला लावून पाहिल्या. रीडिंग अगदी बरोबर. मग आत साधा थर्मामीटर ठेवला, तर तो दीडशेच्याही खाली. खरं कुणाचं धरायचं? सेन्सर चांगला, वायरी चांगल्या, आकडा बरोबर, तरी रोडगे कच्चे. आम्ही दोघं चक्रावून बसलो. मला वाटलं, मायचंही असंच आहे. बीपी बरोबर, शुगर बरोबर, आणि तरी तिचं काहीतरी बिनसलेलं, ते मला सापडत नव्हतं.

शेवटी मी ओव्हन गार झाल्यावर टॉर्च घेऊन आत डोकं घातलं. सेन्सरची बोटभर सळई वाकून मागच्या भिंतीला टेकली होती. ओव्हनऐवजी ती तापलेल्या भिंतीची आच सांगत होती, म्हणून ओव्हन पुरता तापायच्या आधीच आच बंद करायचा. पण ही वाकली कशी?

"ती खुंटी व्हय?" माय मागून म्हणाली. "दसऱ्याला झेंडूचा हार बांधला व्हता तिला. दुसऱ्या दिशी वढून काढला. चुलीची पूजा करा लागती का न्हाई?"

संदीपला हसू आवरेना. "मामी, काही बिघडलं न्हाई," म्हणत त्यानं सळई हलकेच सरळ केली. ओव्हन तापल्यावर मायनं दार उघडलं, विस्तवावर धरावा तसा तळवा दुरून धरला, आकड्याकडे पाहिलंही नाही. "आता लाव."

रविवारी रोडगे, वरण, वांग्याची भाजी सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली. आता ती राहील असं मी धरून चालले. दिवाळीच्या आत ती गावी परत गेलीच. का, ते मला आजही कळलेलं नाही. स्वयंपाकघरात उभी राहून मी खूप रडले.

यंदा दसऱ्याला तिचा फोन आला. मागे तिच्या चुलीत लाकडं तडतडत होती. "आपल्या तिथल्या चुलीला हार घातला का?" तिनं विचारलं. इथे होती तेव्हा ती माझ्या घराला कधी 'आपलं' म्हणाली नव्हती. आता गोरेगावात बसून म्हणत होती. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर मी अजून गोंधळतेच.

"घातला माय," मी म्हटलं. "दाराच्या दांडीला. खुंटीला नाही."