टेलर मास्तरांनी मोजलेलं गाव

समोर कोणीही येऊन उभं राहिलं, की मास्तर आधी त्याच्या खांद्यांकडे पाहत आणि मग तोंडाकडे. मी त्या गावात ग्रामसेवक म्हणून रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाले, "साहेब, तुमचा डावा खांदा उतरून राहिला. ब्याग रोज त्याच बाजूनं घेता का जी?" मी हो म्हटलं. "मंग आता दुसऱ्या बाजूनं घेत जा," एवढं सांगून ते पुन्हा मशीन चालवायला लागले. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझी अशी तपासणी एकाही वरिष्ठानं केली नव्हती.

गाव भंडारा जिल्ह्यातलं, करडी गावाच्या पुढचं. ग्रामपंचायतीसमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे मास्तरांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर. घरापुढच्या सपरीत, म्हणजे पडवीत, त्यांचं शिलाई मशीन, एक बाकडं आणि खुंटीवर लटकलेले दुसऱ्यांचे कपडे. शाळेत शिकवणाऱ्यांना गाव गुरुजी म्हणायचं. मास्तर म्हटलं की हेच, टेलर मास्तर. एके काळी अख्ख्या शाळेचे गणवेश त्यांच्या हातचे असत. मी गेलो तोवर रेडिमेड कपड्यांनी त्यांच्या धंद्याची वाट लावली होती. जीन्सची लांबी कमी करा, चेन बदला, ब्लाऊज उसवून ढिलं करा, असली कामं उरली होती.

"मोजून पाहू ना मंग," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोणी म्हणालं की माझा नातू बापापेक्षा उंच झाला, तर मास्तर दोघांनाही भिंतीशी उभं करत. एकदा दोन भाऊ अंगणातल्या कुंपणावरून हमरीतुमरीवर आले. मास्तर मध्ये पडले, अंगण मोजलं आणि जे माप निघालं ते सांगितलं, ते दोघांच्याही मनासारखं नव्हतं. दोघांनी भांडण मिटवलं आणि मिळून मास्तरांशी बोलणं टाकलं. तुमच्याही गावात असा एखादा असेल. त्याचं म्हणणं खरं असतं, म्हणून त्याला चहाला कोणी बोलावत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या भागातली रोवणी तुम्ही पाहिली असेल. धानाची रोपं लावायचं हे काम बायाच करतात. सकाळी बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या खाचरात उतरल्या की संध्याकाळपर्यंत कंबर सरळ होत नाही. अंगणवाडी तीन वर्षांच्या पुढच्या पोरांना घेते, तीही काही तासच. त्याहून लहान लेकरू घरी सांभाळायला कोणी नसेल तर बाई त्याला सोबत नेते आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, छत्रीखाली निजवते. टोलीवरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या वनितानं तिचं रांगतं पोर असंच निजवलं होतं. ते जागं झालं, रांगत आलं आणि बांधीतल्या पाण्यात तोंडावर पडलं. शेजारच्या ओळीतल्या बाईनं पाहिलं म्हणून वाचलं. त्या दिवसापासून वनिता रोवणीला गेली नाही. रोवणीची मजुरी म्हणजे तिच्या घरातली वर्षाची मोठी कमाई, ती त्या साली बुडाली.

सरपंचबाईंनी मनावर घेतलं. पुढच्या रोवणीला समाजमंदिरात पाळणाघर काढायचं. दोन बाया सांभाळायला, दूध, खिचडी, चार पाळणे. वरून पैसा येतो का म्हणून मी सहा पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही आलं नाही. मग गावातूनच उभा करायचा, म्हणजे घरपट्टी वाढवायची असं ठरलं आणि ते ग्रामसभेत सांगायचं काम अर्थात माझ्या गळ्यात पडलं.

मी सांगितलं. धानाचे व्यापारी असलेले एक गृहस्थ उठले, त्यांना गाव शेठ म्हणे. "साहेब, माह्या घरचं लेकरू काही त्या पाळण्यात झोपनार नाही. मंग मी काहून देऊ?" मागून एक आवाज आला, "ज्यायचे लेकरं हायेत त्यायनंच द्यावं." खांबाला टेकून बसलेल्या वनितानं मान खाली घातली. शेठचा प्रश्न वाईट नव्हता. मी दोन-चार सरकारी वाक्यं बोललो, ती मलाही कळली नाहीत.

तेवढ्यात मास्तर उठले. मला वाटलं, आले मदतीला. ते म्हणाले, "वाढवा जी, वाढवा. पन कशावर वाढवता? तुमच्या वहीत शेठची माडी मातीची लिवली हाये. आन वनिताचं घरकुल पक्कं लिवलं हाये. म्हनजे वाढ झाली तं शेठले कमी आन तिले जास्त. हे कसं काय?"

सभेत हशा पिकला. माझा चेहरा उतरला, कारण ते खरं होतं. घरकुल सरकारी, म्हणून त्याची नोंद चोख. बाकी गावाची आकारणी मी आल्यापासून मागच्या वहीतूनच उतरवून काढत होतो. कोणी स्लॅब टाकला, कोणी वर मजला चढवला, माझ्या वहीत सगळे मातीच्या भिंतीतच नांदत होते. शेठ हसत म्हणाले, "मंग मास्तर, तुमीच मोजा ना. टेप तं तुमच्या गळ्यातच हाये."

"मोजून पाहू ना मंग," मास्तर म्हणाले.

शेठनं गंमत केली होती. मास्तरांनी ती गंमत म्हणून घेतलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडायच्या आधी ते पायरीवर बसलेले. रोवणीच्या आधी दुसरी ग्रामसभा घ्यायची आणि खऱ्या मापावर दर ठरवायचा, असं सरपंचबाईंनी ठरवून टाकलं. उन्हाळ्याचे दिवस. मास्तर पुढे, मी वही घेऊन मागे.

त्यांची भाषा बदलेना. लांबीला ते उंची म्हणत, भिंतीला पाठ. एका घराला बाजूनं नवीन खोली काढली होती, ती पाहून म्हणाले, "या बाहीचं कापड नवं हाये साहेब, वेगळं लिवा." मी लिहिलं. लोक आधी हसले. मग माझी लेखणी पाहून हसायचे थांबले. काही घरांत पाणीही विचारलं जाईना.

आठव्या दिवशी घोटाळा झाला. एका गवंड्यानं स्वतः बांधलेलं घर होतं आणि त्याला त्याची मापं तोंडपाठ होती. आमचं माप दर भिंतीला जास्त भरत होतं. गवंडी चिडला. मास्तरांनी पुन्हा टेप लावली आणि स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "साहेब, मी ढिल सोडून राहिलो जी." कपड्याचं माप घेताना शिंपी एखादं बोट आत घालून टेप धरतो, अंगाला आवळू नये म्हणून. चाळीस वर्षांची सवय. दर टेपेमागे एक बोट ते भिंतीलाही सैल सोडत आले होते, आणि भिंत काही आवळत नाही. सारं गाव आमच्या वहीत थोडं थोडं फुगलं होतं.

मी म्हटलं, जाऊ द्या, तेवढ्यानं काय बिघडतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वही मिटली. गवंड्याची लांब टेप मागून आणली आणि पहिल्या घरापासून पुन्हा सुरुवात केली. ज्या घरांनी आम्हाला एकदा तोंडावर बोलून घेतलं होतं, त्यांच्या दारात पुन्हा जाऊन मास्तर आधी सांगत, "माही चूक झाली. तुमचं कमी होनार हाये." मापात कमी होणार आहे हे ऐकूनही लोकांचा राग कमी होत नव्हता.

शेवटचं घर त्यांचं. मी म्हटलं, "मास्तर, हे राहू द्या. कवेलूचं आहे, आहे तसं ठेवू."

"सपरीत मशीन हाये ना? मंग दुकान झालं. दुकानाचा दर वेगळा राह्यते, तुमीच सांगतलं व्हतं."

दारात त्यांच्या बायको उभ्या होत्या. "अवो, डोकं फिरलं का तुमचं? दिवसाले दोन चेना बदलवता, त्याले दुकान म्हनते का कोनी?"

"शेठची माडी लिवली तवा मी त्यायले इचारलं का, धंदा कसा चालते म्हनून?"

"त्यायले परवडते. आपल्याले परवडते का? दुनियेची पोरं सांभाळा, आन माह्या चुलीत काय घालू ते सांगा." त्या आत निघून गेल्या. मास्तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "लिवा साहेब. दुकान लिवा."

मी लिहिलं. त्यांची पट्टी पूर्वीच्या तिपटीवर गेली. तुम्हाला खरं सांगतो, मास्तरांच्या बायकोचं म्हणणं मला आजही चूक वाटत नाही. शेठला जो आकडा जाणवणारही नव्हता, त्याच्याहून कितीतरी लहान आकडा या घरात भाजीतून कापला जाणार होता. माप सारखं लावलं म्हणजे भार सारखा पडतो असं नाही. आणि मी, पगारी माणूस, त्या गावात भाड्याच्या खोलीत राहत होतो. मला एक पैशाची घरपट्टी नव्हती. सगळ्यांना कर लावायला निघालेल्या आम्हा दोघांपैकी एकाच्याच खिशाला हात लागला होता, आणि तो मी नव्हतो.

दुसरी ग्रामसभा रोवणीच्या तोंडावर झाली. मापं दुरुस्त होऊनही पैसा पुरत नव्हता, दरात थोडी वाढ करावीच लागणार होती. टोलीवरच्यांनाही ती लागणार होती. शेठ पुन्हा उठले. आता आवाजात गंमत नव्हती. "मोजलं, ठीक हाये. म्या लपवलं नोतं, तुमच्याच वहीनं लपवलं व्हतं. पन एवढं देल्यावर मले काय भेटन, ते सांगा."

मी घसा साफ करत होतो. मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले, "तुमाले काही नाही भेटत शेठ. मलेबी नाही भेटत. माहे लेकरं मोठे होऊन नागपूरले गेले, ते काही पाळण्यात येत नाहीत आता." मग म्हणाले, "त्या दिवशी ते पोर पान्यात पडलं, ती बांधी माह्या भावाची व्हती. धुऱ्यावर मी उभा व्हतो. मी तिकडं पाठ करून मजुराईचा चहा ओतून राहिलो व्हतो. मले दिसलं नाही."

हे त्यांनी मला त्या सगळ्या दिवसांत एकदाही सांगितलं नव्हतं. हात वर करायला सांगितलं तेव्हा बरेच हात वर गेले. शेठचा गेला नाही, पण त्यांनी पट्टी वेळेवर भरली.

पाळणाघर निघालं. वनिताचं पोर पहिल्या दिवशी एवढं रडलं की ती अर्ध्या वाटेतून परत आली. दुसऱ्या दिवशी नाही आली. पूर्ण हंगाम तिनं रोवणी केली.

मास्तरांना मात्र त्याची किंमत मोजावी लागली. माडीवाल्यांची चेन-ब्लाऊजची कामंही तालुक्याला जायला लागली. बाकड्यावर कोणी बसेना. मी एकदा विचारलं, काम कसं आहे. "मशीनचं तेल वाचून राहिलं साहेब," म्हणाले आणि हसले. माझ्यानं हसवेना. त्यांचं कामच कमी झाल्यानं दुसऱ्या महिन्यापासून त्यांच्या बायको पाळणाघरात सांभाळायला लागल्या. त्यांनी चिडूनच अर्ज दिला होता. "तुमच्या पट्टीतलं थोडं तरी वापस आनीन," असं त्या नवऱ्याला माझ्यासमोर म्हणाल्या.

त्या वर्षी मी निवृत्त झालो. थंडीत मास्तर गेल्याचं मला फोनवर कळलं, तेही दहा दिवसांनी. चार दिवसांचा ताप, भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, तिथंच संपलं. निवृत्त झाल्यावर मी त्यांना एक साधा फोन केला नव्हता, याचं फार वाईट वाटलं.

पेन्शनच्या एका कागदासाठी यंदा पुन्हा त्या गावी गेलो. रोवणी सुरू होती. सपरीत मशीन फडक्याखाली झाकलेलं. मास्तरांच्या बायको पाळणाघरात होत्या, म्हणून तिथं गेलो. संध्याकाळ होत आली होती, अर्धी पोरं झोपलेली. मी म्हटलं, "वहिनी, आता दुकान बंद आहे. अर्ज द्या, पट्टी कमी होईल. मी लिहून देतो."

"लिवा," त्या लगेच म्हणाल्या. "दुकान नाही तं दुकानाचे काहून द्याचे? त्यायनंबी हेच सांगतलं असतं." मी तिथंच गुडघ्यावर कागद धरून लिहिला. त्यांनी सही केली.

मग बाया परतायला लागल्या. रोवणीला बाया साडीवरून नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालतात, धानाचं पातं हाताला कापू नये म्हणून. त्याच्या बाह्या मोठ्या पडतात आणि बांधीतला चिखल कोपरापर्यंत आत जातो. आधी मास्तर हंगामाच्या सुरुवातीला टोलीवरच्या साऱ्या बायांच्या बाह्या मनगटाशी घट्ट करून देत. त्याचे पैसे घेत नसत. हे मला त्यांच्या बायकोनं त्या दिवशी सांगितलं.

वनिता आली. पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलानं माखलेले. हात धुऊन तिनं झोपलेलं पोर उचललं, ते झोपेतच तिच्या गळ्यात पडलं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवले. दोन्ही मनगटांवर बाही सुतळीनं आवळून बांधली होती.