डॅलसचं आवतन

नांदेडात मोटारसायकलींची सीट कव्हरं शिवणारा जिलानी तसा शांत माणूस, पण त्याच्या जुन्या दोस्तानं, श्रीमंतानं, त्याचं डोकं पार फिरवलं. कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये जिलानी गोलकीपर, बिलोलीचा श्रीमंत डिफेन्सला. आयुष्यात एकदा वर्ल्डकपच्या गावी दोघांनी मिळून जायचं, हे तेव्हाच ठरलेलं. आता पन्नाशी उलटली, श्रीमंताचे गुडघे कुरकुरायला लागले. या वेळी नाही तर कधीच नाही, हे जिलानीला स्वच्छ दिसत होतं.

मॅचची तिकिटं मिळणार नव्हती आणि त्याचं दुःखही नव्हतं. मोठ्या पडद्यासमोर, हजारोंच्या गर्दीत घसा बसेपर्यंत बोंबलायचं, बस्स! पण वर्ल्डकप अमेरिका, मेक्सिको, कॅनडा असा तीन देशांत; मग गाव कोणतं?

"मेक्सिको सिटी," जिलानी म्हणाला. "तिथं गल्लीबोळात फुटबॉल हाय."

"तिथं आपलं कोण हाय? डॅलसला माझा सख्खा भाचा हाय, सत्यम. त्याला सोडून लॉजवर राहिलो तर बहीण तोंड बघंल का माझं?"

"बरं बाबा, डॅलस! लाव त्याला फोन. व्हिसाच्या अर्जात मुक्कामाचा पत्ता लागतो."

"मी लावू? मामा हाय मी. त्यानं आवतन द्यावं, मग जाऊ."

झालं! डिसेंबर गेला, जानेवारी गेला. दर रविवारी जिलानी विचारी, आणि हा पठ्ठ्या "बोलावंल की" म्हणत सुपारी कातरत बसे. शेवटी मार्चात वैतागून जिलानीनंच सत्यमला फोन लावला.

"चाचा, मामाला आवतन कसलं? हक्काचं घर हाय त्यांचं," सत्यम चकित झाला. "मी खोली रिकामी करून त्यांच्या तारखेची वाट बघून राहिलो!"

जिलानीनं कपाळावर हात मारून घेतला. लेकीला, जेबाला, लगेच अर्ज भरायला बसवलं. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची पहिली मोकळी तारीख निघाली फायनलनंतरची.

तो तडक बिलोलीला गेला. "श्रीमंता, अमेरिका बोंबलली. मेक्सिकोचा व्हिसा अजून मिळतोय. हात जोडतो, चल!"

श्रीमंतानं सगळं ऐकलं. खोलीचं ऐकून त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे बोलावलं म्हण की त्यानं!"

"हाव, बोलावलं. पण..."

"मग आता मेक्सिकोला कसं जायचं जिलान्या? पोराला काय वाटंल?"

जिलानीच्या तोंडात आधी शिवी आली, मग त्याला रडूच कोसळलं. एकटा जाऊन गोल झाल्यावर तो कुणाच्या गळ्यात पडणार होता?