घरटी दोन, माणशी एक

आमच्या व्याह्यांइतका अमेरिकेच्या निवडणुकीत बुडालेला माणूस खुद्द अमेरिकेत तरी असेल का, शंकाच आहे. आणि गंमत म्हणजे त्यांनी अमेरिका पाहिलेलीसुद्धा नाही. जन्म नागपूरचा, उभी हयात गेली इंग्लंडात, लीड्सच्या हॉस्पिटलात लोकांना भूल देण्यात. इथल्या कौन्सिलच्या मतदानाला विहीणबाई कोट हातात देऊन त्यांना घराबाहेर काढत, तेव्हा कुठे ते कोपऱ्यावरच्या शाळेपर्यंत जात. पण तिकडच्या कुठल्या राज्याला अध्यक्ष निवडायची किती मतं, ते विचारून बघा. कॅलिफोर्निया पंचावन्न, टेक्सास चौतीस, फ्लॉरिडा सत्तावीस, असा घोडा जो उधळे तो थांबायचा नाही. "पेशंटला आकडे मोजायला सांगून हे स्वतः राज्यं मोजत असणार," असं विहीणबाई म्हणायच्या.

एकदा आमच्याकडे जेवायला आले असताना मी लाडू वाढायला घेतले, तर म्हणाले, "ताई, थांबा. गावात लाडू वाटताय असं धरा. घरटी दोन द्यायचे, घर मोठं असो की लहान. वर माणशी एकेक. म्हणजे एकट्या म्हातारीलाही तीन मिळाले की नाही? ती म्हणजे वायोमिंग, सगळ्यात कमी वस्तीचं राज्य." मी म्हटलं, "आणि पंचावन्न लाडवांचं घर?" "तिथं माणसं त्रेपन्न. पण खरी मेख पुढेच आहे. घरात दोन तट पडले तर लाडू वाटून घ्यायचे नाहीत. ज्या तटात एक माणूस जास्त, सगळे लाडू त्याचे. मेन आणि नेब्रास्का ही दोन घरं तेवढी वाटून खातात." आमटी गार झाली, पण त्यांचे डोळे असे चमकत होते की त्यांना गप्प करवेना.

दोन हजार चार साली अमेरिकेची निवडणूक आली आणि त्याच सुमारास आमच्या मराठी मंडळाचीही. मंडळ पाच गावांचं: लीड्स, नॉटिंगहॅम, यॉर्क, लिंकन आणि हल. हात वर करून अध्यक्ष निवडायचा, त्यामुळे माणसं जास्त म्हणून अध्यक्ष कायम लीड्सचा आणि गणपतीही लीड्सलाच. हलची दातांची डॉक्टर मुलगी एकदा म्हणाली, "आम्ही मोटरवेवरनं पोचतो तोवर आरती झालेली असते. आमचं मंडळ म्हणायचं तरी कशाला?" ते व्याह्यांच्या मनाला लागलं. त्या वर्षी ते स्वतः अध्यक्षपदाला उभे राहत होते. रिटायर झाल्यापासून तेवढी एकच हौस उरली होती. विहीणबाई सांगत, आरशासमोर भाषणाची तालीम चालते म्हणून. आणि हा गृहस्थ भर सभेत उठून म्हणतो काय, की यंदापासून अमेरिकेची पद्धत: दर गावाला दोन मतं, वर वस्तीप्रमाणे. लीड्सच्या लोकांनी त्यांना बाजूला घेतलं. "अहो डॉक्टर, आहे तसं राहू द्या. हात वर झाले की तुम्ही आलातच." हे म्हणाले, "मग हलवाल्यांनी यायचं कशाला?" हटून बसले आणि ठराव पास करून घेतला.

निवडणुकीला ती दातांची डॉक्टरच त्यांच्यासमोर उभी राहिली. लीड्सनं यांना भरभरून मतं दिली, आठच्या आठ यांची झाली. नॉटिंगहॅमची पाच मात्र एका माणसाच्या फरकानं तिच्याकडे गेली, आणि यॉर्क, लिंकन, हल या तिन्ही म्हाताऱ्यांनी आपापले तीन लाडू त्या पोरीच्या पदरात टाकले. लीड्सवाले बोटांवर मतं पुन्हा मोजायला लागले. आमचे व्याही मात्र खुर्चीवर उभे राहायचेच बाकी होते. "बघा, अमेरिकेत दोन हजार साली झालं तसंच झालं. डोकी एकाकडे, अध्यक्ष दुसरा. लाडवांचा हिशोब पटला ना आता, ताई?" त्या पोरीचा हात हातात घेऊन तिलाच त्यांनी पद्धत पहिल्यापासून समजावून दिली. ती बिचारी म्हणाली, "काका, गणपती हलला केला तर तुम्ही याल ना?" "येणार म्हणजे काय, आरतीच्या आधी येणार."

परतताना गाडीत मी मागे बसले होते. विहीणबाई गाडी चालवत म्हणाल्या, "हरलात की हो."

"मी हरलो. पद्धत नाही हरली," ते म्हणाले. बराच वेळ एकाही राज्याचं नाव निघालं नाही. घर जवळ आलं तेव्हा, मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, त्यांनी हळूच विचारलं, "डोकी मात्र माझ्याकडेच जास्त होती ना गं?"

"होती हो," विहीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी गाडी जरा सावकाश घेतली.