रविवारची साक्ष

मुलीच्या रक्तात कॅन्सर उरलेला नाही असा रिपोर्ट आला, त्या रविवारी मी देवळात साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूने काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, उभी राहिले. के. आर. पुरममधली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी छोटीशी. मी म्हणाले, ‘मी विश्वासाने मागितलं, म्हणून प्रभूने माझं लेकरू वाचवलं.’ सगळे आमेन म्हणाले. दुसऱ्या रांगेत एक बाई मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांचा मुलगा आमच्याच वॉर्डात होता, दोन महिन्यांपूर्वी गेला. मागितलं तर त्यांनीही होतं, उपास धरून. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही, याची आजही मला माझीच चीड येते.

पुढे वर्षाच्या आत मुलीचा आजार उलटला. मंडळीतून फोन आले, मोबाइलवर बायबलमधली वचनं आली. त्या बाई मात्र सर्जापूर रोडहून दोन बस बदलून हॉस्पिटलात आल्या, डब्यात मऊ भात घेऊन. मी म्हटलं, ‘ताई, त्या दिवशी मी काय बोलून बसले.’

त्यांनी भात कालवला, मुलीला दोन घास भरवले, तिचं तोंड पुसलं.

मग म्हणाल्या, ‘साक्ष मीही दिली होती. तो बरा झाला होता तेव्हा.’