श्रीपतअण्णांचा आश्विन

श्रीपतअण्णा रेकॉर्ड लावली की तिच्याकडे पाठ करून बसत. सुई टेकवायची, खुर्ची फिरवायची आणि खिडकीबाहेर बघत राहायचं. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे विरजण मागायला गेले तेव्हा ते असेच बसले होते. मला वाटलं, बाहेर काही झालं असावं.

"कुणाची वाट बघताय का?" मी विचारलं.

"न्हाई वहिनी. ह्या बासरीतून उसाची गाडी ऐकू येती का बघतोय."

त्या दिवशी मी विरजण न घेताच परत आले, इतकी त्या वाक्याच्या विचारात होते.

मीरा, परवा तू फोनवर सांगितलंस की तुमच्याकडे झाडं लाल व्हायला लागली की तू घरात लावायला बिनशब्दांचं संगीत निवडतेस, आणि विचारलंस, आजी, तुमच्याकडे असं कुणी करायचं का? करायचं. एकच माणूस करायचा, पण तो हे काम फार मनावर घेऊन करायचा. तुझ्या भावालाही, ईशानला, हे वाचून दाखव.

तुमचे आजोबा बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. कारखान्याच्या वसाहतीत आमच्या भिंतीला भिंत लागून अण्णा राहत. ते कारखान्यात स्टोअरकीपर. पत्नी लवकर वारली, मूल नव्हतं. घरात ते आणि त्यांची आई, गोदामाय. तिची दृष्टी गेलेली होती. भाकरी अण्णाच थापत, आणि चांगल्या थापत.

शौक म्हणावा असा एकच, तो रेकॉर्डप्लेअर. त्यावर गाणं कधी लागलं नाही. "गाण्यात शब्द असतेत," ते म्हणत. "मन शब्दामागं जातं, अन् ऋतू राहतो दारात उभा." आश्विन लागला की निवड सुरू व्हायची. आमचा आश्विन म्हणजे पहाटे अंगावर गोधडी आणि दुपारी डोकं भाजणारं ऊन. तेव्हा ज्वारीची पेरणी चाललेली असते, कारखान्याच्या बॉयलरची पूजा होते आणि उसाच्या गाड्यांचे घुंगरू रस्त्यावर वाजू लागतात. एवढं सगळं बाहेर वाजत असताना घरात काय वाजवायचं, हा अण्णांचा प्रश्न. सतार त्यांनी नाकारली, "लई बोलकी." व्हायोलिनला म्हणाले, "भर उन्हात रडायचं कावून?" बासरी मात्र पास झाली. "बाजा पाहुण्यावानी असावा वहिनी. आला म्हणून घरच्यानं पाट सोडून उठायचं न्हाई." घरचे म्हणजे बाहेरचे आवाज, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

पण हे ऐकणं पहाटेचं. रेकॉर्डची एक बाजू संपली की अण्णा सायकल काढायचे. लिंबागणेशजवळ त्यांचं थोडं रान होतं, आणि आश्विनातली सगळी रजा ते पेरणीला लावत.

मग तो मोठा दुष्काळ आला. मृगात थोडा शिडकावा झाला आणि आभाळ कोरडं पडलं. ऊस जागेवर वाळला, कारखाना त्या हंगामात सुरू होणार नाही असं ठरलं. वसाहतीतली निम्मी घरं कुलूप लावून गेली. आम्ही राहिलो, अण्णा राहिले.

अण्णांना नोकरीपेक्षा आईची काळजी होती. तिच्या माहेरी रीत अशी की दुष्काळात घरातल्या म्हाताऱ्यांनी संध्याकाळची भाकर सोडायची, लेकरांना पुरावी म्हणून. कुणी सांगायचं नाही, आपणहून सोडायची. आधीच्या एका दुष्काळात गोदामायने ती सोडली होती, आणि पुढे सुकाळ आला तरी कितीतरी दिवस धरली नाही. आता तिच्या अंगावर सोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी अण्णांना स्पष्ट सांगितलं होतं, हिचं जेवण तुटलं तर माझ्या हातात काही नाही.

तेव्हा अण्णांनी ठरवलं, मायला दुष्काळ कळू द्यायचा नाही.

सगळ्या वसाहतीला ताकीद गेली. पाऊस का ऐकू येत नाही असं तिने विचारलं की उत्तर ठरलेलं, रात्री पडून गेला, तुम्ही झोपला होता. एकदा कुणाची पाहुणी कपिलधारच्या धबधब्याला जाऊन आली आणि गोदामायजवळ बसून सुरू झाली, "काय सांगू माय, धार तर..." अण्णा एवढ्या जोरात खोकले की तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि वाक्य बदललं, "...लई मोठी. जवळ उभं राहवेना."

"भिजलीस का गं?" गोदामायने विचारलं.

"भिजले की."

आश्विन आला तशी खरी अडचण उभी राहिली. गाड्या नाहीत, घुंगरू नाहीत, पाखरंसुद्धा नाहीत. इतकी वर्षं अण्णा बाहेरच्या आवाजाला जागा सोडणारं वाद्य निवडत होते. आता बाहेर काही नव्हतंच, आणि ही शांतता मायला कळू द्यायची नव्हती. पहिल्यांदा त्यांनी खिडकी लावून घेतली आणि खुर्ची रेकॉर्डप्लेअरकडे वळवली. कारखान्यात काम नव्हतं, रानात पेरायला ओल नव्हती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते रेकॉर्डी लावून बघत. आमच्याकडच्या रेकॉर्डीही घेऊन गेले. संतूर सापडलं तेव्हा भिंतीवर थापा मारून मला बोलावलं. "ऐका. घुंगराच्या लई जवळ जातंय."

मी एक जलतरंगाची रेकॉर्ड दिली. ती लागली तशी गोदामाय बाजेवर उठून बसली.

"शिरपा, वाट्या कोण वाजवतंय?"

"जलतरंग हाय माय. वाट्यांत पाणी भरून वाजवतेत."

"पाणी भरून? अन् वाजवून झाल्यावर ते पितेत का फेकतेत?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"झाडाला घालतेत," अण्णा म्हणाले.

"मग वाजू दे."

संध्याकाळी ती अख्खी भाकर खात होती. अण्णा रोज भिंतीपलीकडून मला सांगत, "खाल्ली." त्यांचा आवाज परीक्षा पास झालेल्या मुलासारखा असे.

एका दुपारी अण्णा रेशनच्या रांगेत होते आणि मी मायजवळ बसले होते. संतूर चालू होतं. ती एकदम म्हणाली, "मास्तरीणबाई, पाऊस औंदा किती पडला?"

"चांगला पडला की. रात्रीचा."

"औंदा रात्रीचाच पडतोय," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "चांगल्या सालात आश्विनात मानूस घरात घावतं का? माझा शिरपा दर साली येक बाजू ऐकून रानात पळतो. औंदा दिवसभर बाजा लावून बसलाय. आंधळी हाय म्या, येडी न्हाई."

इतकं बारकाईनं निवडलेलं संतूर तसंच वाजत होतं. मी विचारलं, "मग भाकर कशी खाता?"

"म्या भाकर सोडली तर त्यो बाजा सोडील. मग एवढा मोठा दिवस त्यानं काय करायचं?" तिने माझा हात चाचपून धरला. "त्याला सांगू नका. आज कोणता लावला त्यानं? चांगला हाय."

मी सांगितलं नाही. तो हिवाळा दोघांनी काढला, आणि उन्हाळाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. आश्विनात बाहेर पुन्हा गलका होता. अण्णांनी खिडकी उघडली, खुर्ची फिरवली, बासरी लावली. एक बाजू संपली. काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी उठून दुसरी बाजू लावली. सवय लागली होती बहुतेक.

आतून गोदामाय म्हणाली, "शिरपा, औंदाबी पडला न्हाई का?"

अण्णांचा हात रेकॉर्डप्लेअरवरच राहिला. मी दारात ताक घेऊन उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ताकाकडे पाहिलं. मग त्यांनी अलगद सुई उचलली, सायकल काढली आणि जाताना आत वाकून म्हणाले, "पडला माय. लई पडला. निघालो."

यावर त्या दोघांत कधी बोलणं झाल्याचं मी ऐकलं नाही. काही वर्षांनी गोदामाय गेली, जेवून, झोपेत. निवृत्त झाल्यावर अण्णा रानात राहायला गेले. जाताना रेकॉर्डी आमच्याकडे ठेवल्या. "तिकडं वीज न्हाई, अन् गरजबी न्हाई," म्हणाले. तेही आता नाहीत.

तर मीरा, निवडायचं कसं याचं उत्तर अण्णांच्या रीतीने द्यायचं तर आधी खिडकी उघड आणि बाहेर काय वाजतंय ते ऐक. तू मला पाठवलेलं संगीत मी दुपारी लावते. आमच्या खिडकीबाहेर ट्रॅक्टर फार, तुझा पियानो त्यात पुरा बुडतो, तरी लावते. आणि संध्याकाळी तुम्ही दोघं फोनवर विचारता ना, आजी, जेवलीस का? जेवते. भाकर अख्खी खाते.