वर-खाली सारखेच

हे सांगायचे मी बरीच वर्षे टाळले. धुळ्याच्या शाळेत मी भूमिती शिकवी आणि नाना बीजगणित. शिंदखेड्याकडचे होते. डावा हात पाठीशी धरून फळ्यावर लिहीत आणि वर्गात, शिक्षकांत, सगळ्यांशी अहिराणीतच बोलत. छेदात तीन उणे वर्गमूळ दोन आले, की ते वर-खाली तीन अधिक वर्गमूळ दोनने गुणायला लावत. मग खालचे मूळ जाऊन निव्वळ सात उरत.

“खाले जे दिधं, तेच वर देवानं, भाऊ. किंमत तीच शे.”

खाली दिले तेच वर द्यायचे, हे पोरांना लगेच पटे.

एकदा हेडमास्तरांनी मला विचारले, “नाना वर्गात गावठी बोलतात म्हणे?” मी हसत हसत नानांची नक्कल करून दाखवली. पुढच्याच आठवड्यात त्यांचे बीजगणित माझ्याकडे आले आणि त्यांना पहिलीचे पाढे मिळाले.

व्हरांड्यात त्यांनी मला थांबवले. प्रथमच पुस्तकी मराठीत, शब्द जुळवत म्हणाले, “चिन्ह बदलावयास मुले विसरतात. तेवढे पाहावे.”

“नाना, नक्कल मीच केली, चुकलो,” हे अगदी ओठांवर आले होते. पण मी विचारले, “छेदातलं चिन्ह ना, नाना?”